जुनं कॉर्नेट, ट्रम्पेट, युफोनियम घरात सापडलंय? मोडीत घालायच्या आधी त्याची खरी किंमत अशी काढा

ज्या घरांनी दोन-तीन पिढ्या बँड वाजवला त्यांच्या माळ्यावर, जुन्या शाळांच्या स्टोअररूममध्ये, गोव्याकडच्या घरांत पेटाऱ्यात, संस्थानात नोकरी केलेल्यांच्या वाड्यात अजूनही पितळेची वाद्यं पडून आहेत. आणि बहुतेक वेळा होतं काय, की घर रिकामं करायची घाई असते, भंगारवाला दारात उभा असतो, तो काटा लावतो आणि वाद्य किलोवर जातं. मला हे बघवत नाही म्हणून हा एवढा मोठा लेख लिहितोय. कॉर्नेटचं वजन साधारण एक किलोच्या आसपास, युफोनियमचं चार-पाच किलो, त्याला त्या दिवसाचा पितळेचा मोडीचा भाव लावा, जो आकडा येईल तो झाला तुमचा तळ. तो आत्ताच एका कागदावर लिहून ठेवा, कारण पुढे जे काही कराल ते त्या आकड्याच्या वर किती जाता येतं हे बघण्यासाठीच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शंभर वर्षं जुनं म्हणजे लाखोंचं असं अजिबात नसतं. पितळी वाद्यांची किंमत चार गोष्टींवर ठरते: बनवलं कोणी, मॉडेल कुठलं, आज वाजवता येतं का, आणि ते नक्की कोणाला हवंय. वय ह्या चारांच्या मागून येतं. १८९० च्या साध्या कॉर्नेटपेक्षा १९७० चं चांगलं युफोनियम कितीतरी जास्त पैसे देऊन जातं असं सर्रास होतं, कारण युफोनियम उद्या कोणीतरी बँडमध्ये वाजवणार असतं.

सगळ्यात आधी: हात आवरा

पितांबरी नको, ब्रासो नको, चिंच-लिंबू तर नकोच नको. पितळेचा तांब्या घासतो तसं वाद्य घासलं की तीन नुकसानं एकदम होतात. बेलवरचं कोरीव काम (बेल म्हणजे पुढचं पसरट तोंड) बुजत जातं, चांदीचा मुलामा असेल तर तो पातळ होऊन खालचं पितळ दिसायला लागतं, आणि मूळ लॅकर (पितळेवरचा पारदर्शक लेप) असेल तर ते ठिकठिकाणी उडतं. जाणकार गिऱ्हाईकाला काळवंडलेलं पण मूळ अवस्थेतलं वाद्य चकचकीत घासलेल्यापेक्षा जास्त आवडतं, कारण काळेपणा कधीही काढता येतो पण गेलेलं कोरीव काम परत येत नाही.

फार धूळ असेल तर कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विड सोपचे दोन थेंब आणि मऊ सुती कपडा एवढंच, गरम पाणी नको, लॅकर सुटतं. माउथपीस (ओठ लावून फुंकायचा सुटा भाग) अडकलंय? पक्कड लावून पिळू नका. आतली नळी पातळ असते, ती पिरगळते किंवा तिचा जोड उखडतो, आणि ती दुरुस्ती माउथपीसच्या किमतीपेक्षा महाग पडते. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे माउथपीस ओढून काढायचं छोटं यंत्र असतं, काम दोन मिनिटांचं असतं. पिस्टन (बोटांनी दाबायचे व्हॉल्व्ह) अडकले असतील तर व्हॉल्व्ह ऑइल सोडून रात्रभर ठेवा, हातोडी नको. आणि तांबटाकडे पोचे काढायला देऊ नका, तांबट भांड्यांचा उत्तम कारागीर असतो पण वाद्याच्या नळीतला पोचा काढायला आतून त्या-त्या मापाचा गोळा किंवा दांडा लागतो, नाहीतर नळीचा आतला आकार बिघडतो आणि मग सूरच बिघडतो.

हे आहे तरी काय?

लोक सगळ्यालाच ट्रम्पेट म्हणतात. पण विकताना नाव चुकलं तर योग्य गिऱ्हाईकच मिळत नाही, त्यामुळे पाच मिनिटं घालवा. ट्रम्पेट लांबट, कॉर्नेट आखूड आणि जास्त वळ्यांचं, दोघांची सरळ केलेली नळी मात्र जवळपास सारखीच, साधारण साडेचार फूट. कॉर्नेटच्या माउथपीसची दांडी ट्रम्पेटपेक्षा बारीक असते. फ्लूगलहॉर्न कॉर्नेटसारखं दिसतं पण बेल खूप रुंद. मांडीवर उभं धरायचं, बेल वर असलेलं मोठं वाद्य म्हणजे टेनर हॉर्न, बॅरिटोन नाहीतर युफोनियम, ह्यात युफोनियमची नळी सगळ्यात जाड. पिस्टन नसलेलं, तांब्याचं, कडेला पितळेची पट्टी, ते बिगुल. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी त्याचा हिशोब वेगळा आहे, त्यात पॅड आणि चाव्या बघाव्या लागतात, तो इथे धरत नाही.

पिस्टन तीन की चार ते मोजा. चार असतील तर पिस्टनच्या मागच्या बाजूला जास्तीच्या छोट्या नळ्यांचं जाळं आहे का बघा. ते असेल तर थांबा, ती कॉम्पेन्सेटिंग पद्धत आहे, लंडनच्या बूझी कंपनीतल्या डेव्हिड ब्लेकली ह्यांनी १८७४ मध्ये काढलेली, खालचे सूर बेसूर होऊ नयेत म्हणून. आजही जगातली वरच्या दर्जाची युफोनियम ह्याच पद्धतीवर बनतात. म्हणजे तुमच्याकडचं चार पिस्टनचं कॉम्पेन्सेटिंग असेल तर ते शोभेच्या वस्तूंच्या बाजारात न्यायचंच नाही, वाजवणाऱ्यांच्या बाजारात न्यायचं.

पिस्टनऐवजी फिरणारे व्हॉल्व्ह दिसले तर वाद्य बहुधा जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा बोहेमियाकडचं (बोहेमिया म्हणजे आजच्या चेक देशातला भाग). आणि पिस्टनच्या अगदी खालच्या टोकातून, तळातून नळी निघत असेल तर तो श्टोल्झेल पद्धतीचा जुना व्हॉल्व्ह, आज जो पिस्टन सगळीकडे दिसतो त्याच्या आधीचा. असं वाद्य दिसलं की लोक लगेच १८४० चं समजतात, पण स्वस्त फ्रेंच कॉर्नेटवर हा व्हॉल्व्ह नंतरही बरीच वर्षं चालू होता, त्यामुळे नुसत्या व्हॉल्व्हवर साल ठरवू नका.

शिक्का वाचणं, हेच खरं काम

सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. शिक्का बघायच्या जागा तीन: बेलचा वरचा भाग, मधल्या म्हणजे दोन नंबरच्या पिस्टनचं नळकांडं, आणि माउथपीस बसतो ती नळी. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा, बाजूने धरा, पुसट अक्षरं सावलीने उठून दिसतात. तरीही वाचता येत नसेल तर बटर पेपर ठेवून वरून शिसपेन्सिल हलकी फिरवा. जे मिळेल ते जसंच्या तसं उतरवा, पत्ता, मेडल, अक्षरं, आकडे, सगळं, आपल्याला बिनकामाचं वाटलं तरी.

पत्ता म्हणजे सोनं. कारखाने जागा बदलायचे, कंपन्या एकत्र व्हायच्या, आणि तेवढ्यावरून काळ ठरतो. 'बूझी अँड कंपनी, २९५ रीजंट स्ट्रीट' असेल तर १९३० च्या आधीचं. 'हॉक्स अँड सन, डेन्मन स्ट्रीट' तेही १९३० च्या आधीचं. 'बूझी अँड हॉक्स' असं एकत्र नाव असेल तर १९३० किंवा नंतरचं, कारण त्या साली दोन्ही कंपन्या एक झाल्या. 'बेसन, १९८ युस्टन रोड' हा लंडनचाच दुसरा मोठा कारखाना, तो १९४८ मध्ये बूझी अँड हॉक्सच्या हातात गेला. आपल्याकडे लष्करी छावण्या, संस्थानं आणि पोलिस बँड ह्यांमुळे हीच लंडनची नावं सगळ्यात जास्त सापडतात.

बूझी अँड हॉक्सचं असेल तर मॉडेलचं नाव बघा. 'इम्पीरियल' वरच्या दर्जाचं, 'रीजंट' शिकाऊ मुलांसाठीचं. दिसायला भाऊ-भाऊ, किमतीत मोठा फरक.

बेलवर प्रदर्शनांची मेडलं कोरलेली असतात, त्यांच्यावर साल असतं, आणि घरातले लोक ते साल वाद्याचं समजून बसतात. तसं नसतं. कंपनीला मेडल त्या साली मिळालं एवढाच त्याचा अर्थ, पुढची कित्येक वर्षं ते कोरत राहायचे. पण त्यातलं सगळ्यात शेवटचं साल कामाचं असतं, वाद्य त्याच्या आधीचं असूच शकत नाही.

देशाचं नावही साल सांगतं. 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' म्हणजे १९१८ नंतर आणि १९९२ पर्यंत, 'वेस्ट जर्मनी' म्हणजे १९४९ ते १९९०. आता मेरठ. मेरठच्या जली कोठीतली नादिर अली अँड कंपनी १८८५ पासूनची, आणि आपल्याकडच्या लग्नाच्या बँडवाल्यांची बरीचशी वाद्यं मेरठचीच असतात. खरं सांगायचं तर जगाच्या बाजारात त्यांना फार भाव नाही, पण चालू अवस्थेत असतील तर बँडवाले ती मोडीपेक्षा नक्कीच जास्त पैशांत घेतात. शिवाय आपल्या बँडचा इतिहास लिहायचा झाला तर तो ह्याच वाद्यांवरून लिहावा लागणार आहे, म्हणून जुना मेरठचा शिक्का दिसला की मी तरी आधी नीट फोटो काढून ठेवायला सांगतो.

अजून एक घोळ असतो. बेलवर मुंबई किंवा कलकत्त्याच्या दुकानाचं नाव असतं आणि कारखान्याचं कुठेच नसतं. तेव्हा दुकानदार युरोपातून माल मागवून त्यावर स्वतःचं नाव मारून घ्यायचे. अशा वाद्यात कारागिरी कोणाची हे व्हॉल्व्हचा आकार, नळ्यांची वळणं, बारीक खुणा ह्यांवरून ओळखावं लागतं, ते आपलं काम नाही, जाणकाराला फोटो पाठवा.

अमेरिकन नावं दिसली, कॉन, ऑल्ड्स, मार्टिन, बाख, तर नीट लक्ष द्या. मुंबईच्या हॉटेलांतले जॅझ बँड आणि हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रे गोव्याच्या वादकांनी गाजवले, चिक चॉकलेट हे त्यातलं सगळ्यात मोठं ट्रम्पेटवाल्याचं नाव, आणि त्या वादकांकडे चांगली परदेशी वाद्यं असायची. मार्टिनचं 'कमिटी' मॉडेल प्रसिद्ध अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस वाजवायचे म्हणून त्याला आजही मागणी आहे. बाखच्या ट्रम्पेटवर गावाचं नाव कोरलेलं असतं, 'माउंट व्हर्नन' असेल तर ते १९५३ ते साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतचं आणि लोक ते मुद्दाम शोधतात, नंतर कारखाना एल्कहार्टला गेला.

सिरीयल नंबर मिळाला की इंटरनेटवर त्या कंपनीच्या नंबरांच्या याद्या शोधा. बूझी आणि बेसन ह्यांचे नंबर स्वतंत्र चालायचे, त्यामुळे एकाची यादी दुसऱ्याला लावली की साल भलतंच येतं. बूझी अँड हॉक्सच्या जुन्या उत्पादनाच्या वह्या लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये जपलेल्या आहेत, तिथल्या नोंदींवरून वाद्य कधी तयार झालं हे कळू शकतं.

हाय पिच, लो पिच: इथे भले भले फसतात

वाद्य सुंदर आहे, कंपनी उत्तम आहे, आणि तरी गिऱ्हाईक पाठ फिरवतं, ह्याचं कारण बरेचदा पिच असतं, म्हणजे वाद्य किती उंच सुरात लावलेलं आहे ते. आज ए हा सूर ४४० हर्ट्झला लावतात. ब्रिटिश ब्रास बँड मात्र साधारण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ४५२ च्या आसपासच्या हाय पिचवर वाजायचे. म्हणजे जवळजवळ अर्ध्या सेमीटोनचा फरक. असं वाद्य आजच्या कीबोर्डबरोबर, आजच्या बँडबरोबर लागतच नाही.

तपासायला मोबाईलवर कुठलंही ट्यूनर ॲप घ्या, वाजवणाऱ्या माणसाला मधला सूर लांब धरायला सांगा, मेन स्लाइड (सूर जुळवायला आत-बाहेर सरकवायची मोठी नळी) नेहमीएवढी बाहेर काढूनही सूर बराच वर जात असेल तर ते हाय पिच. अमेरिकन वाद्यांवर एचपी किंवा एलपी अशी अक्षरं नंबरजवळ असतात. एलपी चा अर्थ लो पिच, तेच आपल्याला हवं. काही वाद्यांबरोबर दोन ट्यूनिंग स्लाइड यायच्या, एक आखूड एक लांब, तर पेटीच्या कोपऱ्यात, कापडाखाली जास्तीची नळी सापडली तर ती भंगार समजून टाकू नका, तिच्यामुळे वाद्य पुन्हा वाजवण्याजोगं होतं आणि किंमत वर जाते.

आता तब्येत

पिस्टनची तपासणी घरीच होते. पिस्टन न दाबता त्याची स्लाइड थोडी बाहेर ओढा, दोन-तीन सेकंद थांबा, मग पिस्टन दाबा. 'पॉप' असा आवाज आला तर हवा धरली जातेय, पिस्टन चांगले आहेत. आवाजच आला नाही तर पिस्टन झिजलेत, आणि पिस्टन नव्याने बसवणं ही सगळ्यात महागडी दुरुस्ती, आपल्याकडे ते काम नीट करणारे फार थोडे.

दुसरं, माउथपीसजवळच्या नळीवर गुलाबी-लालसर ठिपके आणि मध्ये काळा टिंब दिसतोय का बघा. घाम-थुंकीच्या ओलाव्याने पितळेतलं जस्त निघून जातं आणि नुसतं तांबं उरतं, नळी आतून पोखरली जाते. ठिपके असतील तर नळी बदलावी लागणार हे गृहीत धरून किंमत कमी लावा.

पोच्यांचं म्हणाल तर बेलवरचे पोचे दिसायला वाईट पण निघतात. पिस्टनच्या नळकांड्यावरचा छोटासा पोचा मात्र त्याहून वाईट, त्याने पिस्टन अडकतो. डाखाचे जाड ओघळ असतील तर कोणीतरी घाईत जोड लावलाय, तेही लिहून ठेवा. टोप्या, मोत्यासारखी चकतीवाली बटणं, स्लाइड, सगळं जागेवर आहे का? पिस्टनवर १, २, ३ असतं, काही कंपन्या पिस्टनवर सिरीयल नंबरही मारायच्या, तो नळकांड्यावरच्या नंबराशी जुळतो का? मूळ माउथपीस आणि मूळ पेटी असेल तर त्यांचे वेगळे फोटो काढा, कित्येकदा कंपनीचं नाव असलेला जुना माउथपीस एकटाही विकला जातो.

आणि घरातली माहिती. बेलवर पलटणीचा नंबर, संस्थानाचं चिन्ह, 'अमुक ह्यांस भेट' असं कोरलेलं असेल, आजोबांचा ते वाद्य हातात घेतलेला फोटो असेल, पगाराचं पुस्तक, बँडचं छापील पत्रक असेल तर ते सगळं वाद्याबरोबरच ठेवा. गोष्ट सांगून किंमत वाढत नाही, कागद दाखवून वाढते.

नकली ओळखा

जुन्या बाजारात, चोर बाजारात आणि ऑनलाइन 'अँटिक ब्रास' म्हणून जे बिगुल आणि हॉर्न विकायला असतात त्यातले बरेचसे कालपरवा बनलेले शोभेचे असतात. खऱ्या लष्करी बिगुलावर कारखान्याचं नाव, गाव, बरेचदा साल आणि बाणाच्या टोकासारखी ब्रिटिश सरकारी खूण असते, उदाहरणार्थ मँचेस्टरच्या मेयर्स अँड हॅरिसनचे दुसऱ्या महायुद्धातले बिगुल. नकली मालावर लंडनचं मोठं नाव ठळक, खोल, अगदी ताजं कोरलेलं असतं आणि काळेपणा सगळीकडे सारखा, कारण तो केमिकलने आणलेला असतो. खरी झीज हाताच्या जागी असते, डावा हात पिस्टनभोवती जिथे पकडतो तिथे मुलामा गेलेला असतो आणि कोपऱ्यात, जोडात मुलामा शाबूत असतो. शंका आली तर फुंकून बघा, शोभेचं बिगुल सुरात लागत नाही.

आता आकडा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोणीतरी ऑनलाइन दोन लाख मागितलेत ते बघून आपणही दोन लाख धरणं. मागितलेला भाव म्हणजे भाव नाही. ईबेवर 'विकलेल्या वस्तू' असा फिल्टर असतो, तो लावा, रिव्हर्ब ह्या वाद्यांच्या साइटवरही झालेल्या व्यवहारांचे भाव दिसतात. तोच कारखाना, तेच मॉडेल, तेच पिच, तशीच तब्येत असलेले पाच-सहा व्यवहार शोधा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या. समजा मधले साधारण ४०,००० रुपयांच्या आसपास येतायत. त्यातून तुमच्या वाद्याची दुरुस्ती वजा करा, समजा १०,०००. पॅकिंग-कुरिअर आणि साइटचं कमिशन मिळून समजा ८,०००. उरले २२,०००. हा तुमचा खरा आकडा, आणि दुकानदाराला विकलंत तर तो ह्याच्याही खाली मागणार, कारण त्याला त्याचं भाडं आणि नफा काढायचाय, त्यात गैर काही नाही. दुरुस्ती करून मग विकावं का? बहुतेक वेळा नाही, खर्च वसूल होत नाही. पिस्टन मोकळे करणं, अडकलेल्या स्लाइड सोडवणं एवढं मात्र जरूर करून घ्या.

ज्याला विकायचंय त्यालाच किंमत विचारू नका. निदान तिघांना विचारा: एक वाद्य दुरुस्त करणारा, एक वाजवणारा, एक जुन्या वस्तूंचा व्यापारी. पुण्या-मुंबईतल्या नावाजलेल्या बँडमधली जुनी मंडळी वाद्य हातात घेऊन दोन सूर वाजवून जे सांगतील ते शंभर फोटोंनी कळत नाही. फोटो पाठवायचे असतील तर दिवसाच्या उजेडात, साध्या कापडावर, दोन्ही बाजू, बेलचा शिक्का, नंबर, पिस्टन बाहेर काढून आणि प्रत्येक पोचा जवळून. दोष लपवू नका, परत आलेल्या पार्सलचा खर्च तुमच्याच डोक्यावर बसतो.

परदेशी गिऱ्हाईक मिळालं तर

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९७२ च्या पुरावशेष आणि कलासंपदा कायद्याखाली शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे १९०५ चं कॉर्नेट लंडनच्या संग्राहकाला कुरिअरने पाठवू असं डोक्यात असेल तर ते काढून टाका, गिऱ्हाईक देशातच शोधा. वाद्य शंभर वर्षांच्या आतलं आहे पण दिसतं जुनं, तर कस्टममध्ये अडकू शकतं. अशा वेळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावशेष नाही असा दाखला आधी काढून घ्यायचा. त्यासाठी वरती उतरवून ठेवलेला शिक्का, पत्ता, सिरीयल नंबर आणि नंबरावरून काढलेलं साल हेच कागद उपयोगी पडतात, त्याची एक प्रत पार्सलमध्ये आणि एक स्वतःकडे ठेवा.